ढोबळी मिरचीचा प्लॅन

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून गेलो होतो: सुट्टीत मुलांना घराचं चित्र काढायला लावू नका, घराचा प्लॅन काढायला लावा. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. आधीच सांगतो, मी आर्किटेक्ट नाही. आयटीआयला आरेखक-स्थापत्य, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढण्याचा कोर्स केला, सरकारी खात्यात अनुरेखक, म्हणजे नकाशे गिरवणारा म्हणून चिकटलो आणि आरेखक म्हणून बाहेर पडलो. चौतीस वर्षं दुसऱ्यांनी ठरवलेल्या भिंती काढल्या. त्यामुळे सुंदर घर कसं असतं ते मला विचारू नका. भिंत कागदावर कशी उतरवायची ते विचारा.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि दिवसभर घरं काढतो. पण प्रत्येक घर तेच. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नदी, नारळाचं झाड. आमच्याकडे मुलांना आर्किटेक्चरल ड्रॉइंग शिकवणारा क्लास निघालाय. त्यात ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर असं बरंच साहित्य घ्यावं लागतं. घालू का? (एक आई, मिरज)

उत्तर : साहित्य घेऊ नका. टी-स्क्वेअर असतो मोठ्या बोर्डावर समांतर रेघा मारायला. नऊ वर्षांच्या पोराच्या हातात त्याची तलवार होते. आमच्या नातवाने ती चालवलेली आहे, म्हणून सांगतो.

त्यापेक्षा आज भाजीला ढोबळी मिरची आणा आणि दोन जास्तीच्या आणा. एक आडवी कापा. वरचा तुकडा बाजूला ठेवा आणि खालच्या तुकड्यात पोराला बरोबर वरून बघू द्या, एक डोळा मिटून. बाहेरून हिरवी जाड कड, तिच्यातून आत आलेले तीन-चार पडदे, पडद्यांच्या मधे मोकळ्या खोल्या. शाळेत भेंडीचे ठसे मारलेले असतीलच. तसाच या कापाला रंग लावून कागदावर ठसा मारा. झाला मिरचीचा प्लॅन. आता त्याला विचारा, भिंत किती रेघांची आहे? एका रेघेची नाही. बाहेरची एक, आतली एक आणि मधे गर. घर काढताना नव्वद टक्के मुलं भिंत म्हणून एकच रेघ ओढतात. ती खोड या ठशाने जाते, माझ्या ओरडण्याने कधी गेली नाही.

दुसरी मिरची देठापासून बुडापर्यंत उभी कापा. आता खोल्यांची उंची दिसते, बिया कुठे लटकल्यात ते दिसतं, पण खोल्या किती ते नीट कळत नाही. हा झाला सेक्शन, म्हणजे छेद. आणि न कापता समोरून नुसती बघितली की एलिव्हेशन. एकाच मिरचीची तीन चित्रं, आणि प्रत्येक चित्र एक गोष्ट सांगतं नि दोन लपवतं. आमचा धंदा यावरच चालतो.

मग घराकडे वळा. भली मोठी विळी घेऊन आपलं घर जमिनीपासून चार फुटांवर आडवं कापलं, वरचा भाग छपरासकट उचलून शेजाऱ्याच्या अंगणात ठेवला आणि आत डोकावलं, तर जे दिसेल तो प्लॅन. चार फुटांवरच का? खिडकीची खालची कड साधारण अडीच-तीन फुटांवर असते. घोट्याजवळ कापलंत तर फक्त दारं कापली जातात, खिडक्या गायब. चार फुटांवर दारंही येतात, खिडक्याही येतात. न्हाणीघराची झरोक्याएवढी खिडकी मात्र विळीच्या वर राहते, म्हणून ती तुटक रेघेने दाखवायची. मिरचीसुद्धा जरा वर-खाली कापून बघा, आतलं चित्र बदललेलं दिसेल.

आता मोजणं. पाच मीटरचा टेप आणि गणिताची चौकटीची वही एवढं पुरे. एक चौकट म्हणजे एक फूट. खोली दहा बाय बारा असेल तर दहा चौकटी आणि बारा चौकटी. टेपचं टोक तुम्ही धरा, आकडा त्याला वाचू द्या आणि त्यालाच लिहू द्या. समोरासमोरच्या भिंती सारख्या भरणार नाहीत. आमच्याच हॉलची एक बाजू दहा फूट दोन इंच आहे, समोरची दहा फूट साडेचार. मुलाला वाटतं आपलं चुकलं. त्याला सांगा, तुझं नाही, गवंड्याचं चुकलंय. मग कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका टेप धरून दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले नाहीत की खोली तिरकी. स्वतःच्या घराचं हे गुपित कळलं की पोरं दोन दिवस ऐकत नाहीत, शेजारच्या खोल्या मोजत सुटतात.

एक चूक हमखास होणार. भिंती वरून बघितलेल्या, पण खुर्च्या समोरून बघितलेल्या, चारी पाय दाखवून आडव्या झोपलेल्या. पुसायला लावू नका. पलंगावर उभं करा आणि खालच्या स्टुलाकडे बघायला सांगा. पाय दिसतात का?

आणि तो कधी घराची समोरची भिंतच न काढता आत स्वयंपाक करणारी आई, पंखा, टीव्ही असं सगळं काढत असेल, तर चुकलं म्हणून हटकू नका. लहान मुलं छेद आपसूक काढतात. आपणच शाळेत घालून त्यांचा छेद बुजवतो आणि मग आयटीआयला पुन्हा शिकवतो.

डोंगर राहू द्यात. मिरजेत दिसत नाहीत, पण काढू दे.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. २८ मुलं. नकाशाचं प्रमाण, म्हणजे '१ सेमी = १ मी', हे पाठ करतात पण कळत नाही. आमच्याकडे ग्राफ पेपर नाही, टेपही नाही. (एक शिक्षिका, जव्हार तालुका)

उत्तर : बाई, तुमच्याकडे मैदान आहे. ते शहरातल्या शाळांकडे नाही.

बांबूच्या एक मीटर लांबीच्या काठ्या करून घ्या. मापासाठी ३० सेंटिमीटरची पट्टी तीनदा आणि वर दहा सेंटिमीटर. गटागटाला एकेक काठी घरी पाठवा आणि आपापलं घर किती काठ्या लांब, किती काठ्या रुंद ते मोजून आणायला सांगा. अर्धी काठी, पाव काठी चालेल. भिंत किती जाड तेही मोजायला लावा. पुस्तकात विटेची भिंत ९ इंच लिहिलेली असते, पण कुडाची भिंत कितीतरी पातळ भरते. जी भरेल तीच लिहायची.

दुसऱ्या दिवशी त्यातलं एक घर मैदानावर फक्कीने आखा, खऱ्या मापाचं. बांधकामावर याला लाइनआउट म्हणतात. पाया खोदण्याआधी गवंडी असंच अख्खं घर जमिनीवर आखतो. काटकोनासाठी गुण्या नको. दोरीवर एकेका काठीच्या अंतराने खुणा करून बारा भाग पाडा, टोकं बांधा आणि तीन मुलांना तीन, चार आणि पाच भागांवर ताणून धरायला सांगा. तीन आणि चारच्या मधला कोपरा काटकोनच येणार. साइटवरचे मिस्त्री अजूनही तीन-चार-पाचचं गणित वापरतात. पायथागोरसचं नाव त्यातल्या निम्म्यांनी ऐकलेलं नसेल.

घर आखून झालं की मुलांना त्यात राहू द्या. दारातूनच आत यायचं, भिंत ओलांडायची नाही. चूल कुठे, झोपायला किती जण मावतात, आडवं पडून बघायचं. दार उघडायला एका मुलाला दारच करा. एक पाय बिजागरीच्या जागी रोवून हात लांब करून तो फिरला की पायाच्या अंगठ्याने जमिनीवर पाव वर्तुळ उमटतं. प्लॅनमध्ये दाराजवळ जी कमान काढतात ती हीच, आणि ती शोभेसाठी नसते.

ते मी फार महाग शिकलो. १९८६ साली कर्मचाऱ्यांच्या क्वार्टरचा प्लॅन करताना संडासाचं दार मी आत उघडणारं काढलं. तीन बाय चारच्या संडासात अडीच फुटी दार. कागदावर पाव वर्तुळ असं सुबक बसलं की बघत राहावं. बांधून झाल्यावर लक्षात आलं, दार लावायचं तर माणसाला आधी भांड्यावर चढून उभं राहावं लागत होतं. चौदा क्वार्टर होते. चौदाही दारं उलटी करून बसवावी लागली. तेव्हापासून मी दार काढण्याआधी खुर्चीतून उठून हाताने हवेत उघडून बघायचो. ऑफिसात लोक हसायचे.

आता प्रमाण. मैदानावरचं घर वहीत न्यायचं आहे, पण काठी वहीत मावत नाही. मग काठीला जादू करून एका चौकटीएवढी करायची. जिथे मैदानावर काठी, तिथे वहीत चौकट. चौकट एक सेंटिमीटरची असली की हेच ते एकास शंभर. प्रमाण म्हणजे आकडा नव्हे, आखडलेली काठी, हे एकदा बसलं की पाठ करायला काही उरत नाही.

तुमच्या भागातल्या वारली चित्रांत घराच्या आत बसलेली माणसं दिसतात, ते मुलांना जरूर दाखवा. तो छेदच आहे.

प्रश्न : तुम्ही सर्रास फूट आणि इंच लिहिता. देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. मुलांना शाळेत सेंटिमीटर शिकवायचे आणि तुम्ही मासिकातून इंच पसरवायचे, हे योग्य आहे का? (निवृत्त मुख्याध्यापक, धुळे)

उत्तर : सर, छडी मान्य. पण कायदा होऊन इतकी वर्षं झाली तरी फ्लॅट स्क्वेअर फुटात विकला जातो, प्लंबर पाऊण इंची पाइप मागतो आणि सुतार सूत मोजतो. आठ सुतांचा एक इंच. ऑफिसात आम्ही मिलिमीटरमध्ये काढायचो आणि साइटवर जाऊन फुटात सांगायचो. जुने प्लॅन इंचाला आठ फूट या प्रमाणात असत. बारा आठे शहाण्णव, म्हणजे एकास शहाण्णव. एकास शंभरच्या इतकं जवळ की कितीतरी जणांनी नजरचुकीने चुकीची स्केलपट्टी लावून मापं घेतली, आणि बारा फुटांची खोली तपासताना साडेबारा भरली. मुलांना दोन्ही येऊ द्यात. एका कागदावर दोन्ही नकोत, एवढी अट मी नक्की घालतो.

प्रश्न : जगातला पहिला प्लॅन कोणी काढला? आणि ब्लू प्रिंट ब्लू का असते? (इयत्ता सहावी, नाशिक)

उत्तर : पहिला कोणी काढला ते सांगता येणार नाही, कारण तो मातीत काडीने काढला असणार आणि पुढच्या पावसात गेला असणार. पण फार जुना एक आहे, तो सांगतो. आजच्या इराकच्या दक्षिण भागात लगाश नावाचं राज्य होतं. गुडेआ तिथला राजा. त्याचा काळ्या कठीण दगडाचा बसलेला पुतळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, चार हजार वर्षांहून जुना. डोकं तुटून गेलंय, पण मांडीवर पाटी शाबूत आहे आणि पाटीवर मंदिराच्या आवाराचा प्लॅन कोरलेला आहे. दारं आहेत, भिंतीतून बाहेर आलेले बुरूज आहेत, शेजारी मोजपट्टीसुद्धा. आणि नीट बघ, भिंत दोन रेघांची आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळत होतं ते तुझ्या वर्गातल्या किती जणांना कळतं?

ब्लू प्रिंटची गंमत रसायनाची. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली ही पद्धत शोधली. कागदाला लोहाच्या क्षारांचा लेप द्यायचा, त्यावर पारदर्शक कागदावरचं ड्रॉइंग ठेवायचं आणि उन्हात धरायचं. जिथे ऊन लागलं तिथे निळा रंग पक्का होतो. रेघेच्या सावलीतला लेप पाण्याने धुतला की निघून जातो. म्हणून निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. आमच्या काळात ती पद्धत मागे पडून अमोनिया प्रिंट आली होती, पांढऱ्या कागदावर निळ्या रेघा. तरी आम्ही तिला ब्लू प्रिंटच म्हणायचो. त्या खोलीत शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं. ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर रोट्रिंग या शाईच्या पेनने मारलेली रेघ चुकली तर ती ब्लेडने अलगद खरवडायची. जोर जास्त झाला की कागदाला भोक, आणि अख्खं ड्रॉइंग पुन्हा. तुमच्या कॉम्प्युटरवर मागे जायचं बटण असतं ना, ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला थोडा रागच आला होता.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे, माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या कॉम्प्युटर गेममध्ये मोठमोठे वाडे बांधते. मग तिला पेन्सिल-कागदाची गरज आहे का? (एक वडील, पिंपरी)

उत्तर : नातवाकडून हा खेळ समजून घेतला. वाईट नाही. त्यातला एक ठोकळा एक मीटरचा धरतात, म्हणजे तुमची मुलगी न कळत प्रमाणात बांधतेच आहे. पण तिला आपली राहती दहा बाय बाराची खोली त्यात बांधायला सांगा. दहा फूट म्हणजे तीन मीटर नि थोडं, ठीक. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. तीन ठोकळे लावू की चार? आणि भिंत तर एक मीटर जाड, घराची नव्हे, किल्ल्याच्या तटाची. मग ती म्हणेल, एक ठोकळा एक फूट धरू. धरू दे. दार सात ठोकळे उंच येईल, भिंतीची जाडीही पटण्यासारखी होईल. फक्त खेळातला माणूस पावणेदोन ठोकळ्यांहून किंचित उंच असतो, तो आता तान्ह्या बाळाएवढा होऊन त्या घरात हिंडेल. मापं माणसावरून ठरतात, हे तिला त्या वेळी हसता हसता कळेल.

पेन्सिलही द्या. एचबी नको, टू-एच, म्हणजे कडक शिशाची. रेघ ओढताना पेन्सिल दोन बोटांत हळूहळू फिरवत न्यायची, म्हणजे टोक एका बाजूने झिजत नाही आणि रेघ सुरुवातीला बारीक, शेवटी जाड अशी होत नाही. समांतर रेघांसाठी कंपासपेटीतले दोन्ही गुण्ये काढा. एक घट्ट धरायचा, दुसरा त्याच्या कडेने सरकवायचा. आमच्या वर्गात पहिला महिना एवढंच केलं होतं.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. इलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचा पुढे आर्किटेक्चरला उपयोग होतो का? (एक पालक, अकोला)

उत्तर : हात बसतो. भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर असतो, तो मन लावून करा. आर्किटेक्चरला जायचं तर बारावीनंतरची प्रवेश परीक्षा वेगळी आणि शिक्षण पाच वर्षांचं. चौथीतल्या मुलासाठी आत्ता ती चौकशी नको.

प्रश्न : आजोळच्या घराचा प्लॅन काढून पाठवतेय. बरोबर आहे का सांगा. (इयत्ता पाचवी, डोंबिवली)

उत्तर : प्लॅन मिळाला. घर गुहागरजवळचं आहे असं तू मागे लिहिलंयस. पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी, गोठा, विहीर, तुळस. एवढ्या खोल्यांची नावं लिहिलीस आणि एकही ओळ वाकडी नाही. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. भिंती दोन रेघांच्या केल्यास आणि मधे पेन्सिल फासलीस, शाबास. बाहेरच्या भिंती जाड, आतल्या बारीक, हे तुला कोणी सांगितलं? की मोजलंस? उत्तर दिशेचा बाण काढलास, पण तो पानाच्या खालच्या बाजूला तोंड करून आहे. चालतं. खरंच उत्तर तिकडे असेल तर तिकडेच राहू दे, वर दाखवायचीच असा नियम नाही.

झोपाळा वरून बघितलेला काढलास, म्हणजे नुसती आडवी फळी आणि चार ठिपके. हे चार ठिपके कड्यांचे आहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला आणि कळल्यावर मी चहा थांबवून बायकोला दाखवायला गेलो.

आता दोन गोष्टी. विहीर घरापासून किती लांब ते लिहिलेलं नाहीस. पुढच्या वेळी गेलीस की पावलं मोज आणि एका पावलाची लांबीही लिही. दुसरं म्हणजे, पडवीतून ओटीवर यायला दार आहे, स्वयंपाकघरातून मागे जायला दार आहे, पण ओटीवरून माजघरात जायला तू दारच ठेवलं नाहीस. चारी बाजूंनी भिंत. आणि माजघरात मधोमध तू 'आजी' असं लिहिलंयस. दार काढून पुन्हा पाठव, तोपर्यंत आजीला चहा कोण देणार?